विवाहाचे चित्रीकरण : होतकरूंसाठी पहिले धडे

(होतकरू चित्रीकारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विवाहाचे चित्रीकरण हा आज महाराष्ट्राच्या शहरांत व खेड्यापाड्यांत अनेक तरुण-तरुणींचा व्यवसाय झाला आहे. कॅमेरा हाताळण्याचे तंत्र थोड्या दिवसांत अवगत होते. परंतु या व्यवसायाचा खरा कस निराळाच आहे. चित्रपटातील दृश्य बिघडले तर ते पुन्हा घेता येते. अंतरपाट मात्र एकदाच दूर होतो. म्हणूनच पुढे काय घडणार हे आधी जाणून सज्ज असणे, हा या विद्येचा पहिला धडा होय.

ही दृष्टी महाराष्ट्राला नवी नाही. १९०१ साली रँग्लर परांजपे इंग्लंडहून परतले, तेव्हा त्यांच्या आगमनाचे चित्रण हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी केले. तो प्रसंगही पुन्हा घडणारा नव्हता.

नवशिक्याने लग्नाच्या आदल्या दिवशीच घरातील वडीलधाऱ्यांना व पुरोहितांना भेटून विधींचा क्रम लिहून घ्यावा. प्रदेशानुसार व घराण्यानुसार तो बदलतो. बौद्ध वा सत्यशोधक पद्धतीच्या विवाहांचा आणि नोंदणी विवाहाचा क्रम तर स्वतंत्रच असतो. वैदिक पद्धतीच्या लग्नात मंगलाष्टके सुरू होण्यापूर्वीच कॅमेरा बाजूस ट्रायपॉडवर स्थिर करावा, म्हणजे अंतरपाटाच्या दोन्ही अंगांस उभे असलेले वधूवर एकाच चौकटीत येतात आणि वऱ्हाडी मंडळींची दृष्टीही अडत नाही. अखेरच्या ‘सावधान’नंतर वाजंत्री व टाळ्यांचा एकच गजर उठतो, ध्वनिपातळी आधीच कमी केली नसेल, तर हा आवाज फाटून उमटतो. लाजाहोमात वधूचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो. कानपिळी तर क्षणार्धात आटोपते. सप्तपदीच्या वेळी कॅमेरा खाली आणावा. तेथे महत्त्व तांदळाच्या राशींवर पडणाऱ्या पावलांना असते.

तंत्राच्या दोन-तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. भारतातील विजेची आवृत्ती ५० हर्ट्झ आहे. सेकंदाला २५ चौकटी व शटरचा वेग १/५० सेकंद ठेवल्यास ट्यूबलाइटच्या प्रकाशाची थरथर चित्रात बहुधा येत नाही. हॅलोजनच्या प्रकाशाचे रंगतापमान सुमारे ३२०० केल्विन, तर दुपारच्या उन्हाचे सुमारे ५६०० केल्विन असते. मांडवातून अंगणात जाताना ‘व्हाइट बॅलन्स’ बदलला नाही, तर वधूच्या पिवळ्या शालूचा रंगच पालटतो. प्रत्येक दृश्य किमान दहा सेकंद स्थिर घ्यावे. वारंवार झूम करण्याचा मोह टाळावा.

सर्वांत अधिक उपेक्षा होते ती मांडवाच्या कोपऱ्यात बसलेल्या वृद्धांची. काही वर्षांनी आजीचे हसणे-बोलणे पाहावयास घरी तेवढेच एक चित्रण उरते. त्यामुळे व्यासपीठावरील आहेराची रांग थोडी कमी झाली तरी चालेल. परंतु आजी-आजोबा, आत्या, मावश्या यांची दृश्ये, शक्य तर त्यांच्या आवाजासह, अवश्य घ्यावीत. मात्र निरोपाच्या वेळी रडणाऱ्या आईच्या तोंडाशी कॅमेरा नेऊ नये. तेथे दूर राहणे हेच शहाणपण.

चित्रण पूर्ण झाले म्हणजे काम संपले, असे नव्हे. त्याच रात्री दोन निरनिराळ्या साधनांवर त्याच्या प्रती कराव्यात. १९८० च्या दशकातील असंख्य लग्नांच्या व्हीएचएस फिती आज दमट हवेने बुरसल्या आहेत आणि त्या दाखविणाऱ्या यंत्रांचे उत्पादन करणारी अखेरची ज्ञात कंपनीही २०१६ साली थांबली. अशा फितींचे डिजिटल रूपांतर हेही होतकरूंना उपलब्ध असलेले एक उपयुक्त काम आहे. तसेच वधूवरांच्या संमतीवाचून त्यांच्या चित्रणाचा जाहिरातीसाठी उपयोग करू नये.

एखादे कुटुंब आपला मंगलप्रसंग परक्याच्या हाती विश्वासाने सोपविते. तो विश्वास राखणाऱ्याकडे दुसऱ्या मुलीच्या लग्नाचे बोलावणे आपोआप येते.