वणवा, वसतिगृह आणि ग्रामसभा

(धुळे येथील कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे दोन विषय छापले आहेत. बालकल्याण यंत्रणेवर नागरिकांची देखरेख हा एक आणि सातपुड्यातील वणवे हा दुसरा. प्रथमदर्शनी मलाही वाटले की, कोणाला न दिलेले दोन विषय संयोजकांनी एकाच वक्त्याच्या गळ्यात बांधले. परंतु चोपडा, यावल, रावेर, शिरपूर आणि साक्री या पाच तालुक्यांचा डोंगरपट्टा डोळ्यांसमोर आणला, आणि हे दोन्ही प्रश्न एकाच घरात नांदतात असे ध्यानात आले.

दिवाळी सरली की या पट्ट्यातील माणसे गाव सोडू लागतात. कोणी ऊसतोडीला, कोणी वीटभट्टीवर, कोणी सुरतेच्या बांधकामावर. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी 1978 मध्ये बारडोलीच्या साखर कारखान्यांच्या तोडणी मजुरांवर लिहिले. ते मजूर आपल्या खानदेशातलेच होते. कोयता म्हणजे नवरा-बायको, आणि मोळी बांधायला हाताशी पोर. जे पोर बरोबर जात नाही ते आजीजवळ राहते, नाहीतर आश्रमशाळेत. आता याच महिन्यांत जंगलाचे काय होते ते पाहा. साग, सालई, अंजन यांची पाने झडतात, गवत पिवळे पडते, आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत एक विडीचे थोटूकही पुरे होते. जाळरेषा काढायला, हिरव्या फांद्यांनी आग झोडपायला ज्या हातांची गरज आहे, ते हात त्या वेळी गुजरातेत ऊस तोडत असतात. गावात म्हातारी माणसे आणि मुले उरतात. मुलांवर लक्ष ठेवणारे आणि जंगलावर लक्ष ठेवणारे लोक एकच आहेत, आणि ते एकाच वेळी गावाबाहेर असतात.

कायदा नाही असे कोणी म्हणू नये. 2015 च्या बाल न्याय अधिनियमानुसार जिल्ह्याच्या बालकल्याण समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात. तिने महिन्यातून किमान वीस दिवस बसावे, आणि निराधार मुलांच्या निवासी संस्थांची महिन्याला किमान दोनदा तपासणी करावी, असे अधिनियम सांगतो. शिवाय शासनाने नेमलेली तपासणी समिती वेगळी. तिने तीन महिन्यांतून एकदा तरी प्रत्येक संस्थेत किमान तिघांनी जावे, त्यांत एक स्त्री व एक वैद्यकीय अधिकारी असावा आणि आठवड्याच्या आत अहवाल द्यावा. कागदावर याहून अधिक काय मागायचे?

तरीही 2023 च्या जुलै महिन्यात एरंडोल तालुक्यातील मुलींच्या एका वसतिगृहाविषयी लैंगिक अत्याचाराचा गुन्हा दाखल झाला. कोण दोषी हे न्यायालय ठरवील. त्यावर बोलण्याचा मला अधिकार नाही. मला एवढेच विचारायचे आहे की, ते वसतिगृह बंद होऊन मुली दुसऱ्या संस्थेत आल्या तेव्हाच त्यांना तोंड का उघडता आले? तपासणीला येणाऱ्या माणसासमोर, संस्थाचालक शेजारी उभा असताना, दहा वर्षांची मुलगी बोलत नसते. ती बोलते ओळखीच्या माणसाशी, म्हणजे भाकरी घेऊन आलेल्या आईशी, आठवड्याला भेटणाऱ्या मावशीशी, गावच्या अंगणवाडी सेविकेशी. ही ओळखीची माणसे तपासणीच्या कागदावर कोठेच नाहीत.

आश्रमशाळांची गोष्ट आणखी निराळी. तेथील मुलांच्या मृत्यूंची चौकशी करण्यासाठी 2016 मध्ये डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसवावी लागली. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या, त्यांचे प्रकल्प कार्यालय यावलला आणि धुळ्याला. बालगृहे महिला व बालविकास विभागाची. अंगणवाडी जिल्हा परिषदेच्या हाताखाली. जंगल वन विभागाचे. मूल एकच असते, पण त्याच्यासाठी वणवण करताना बापाने कोणत्या दारात उभे राहावे हे त्याला कोणी सांगत नाही.

सानेगुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कुलात असताना छात्रालय सांभाळीत, आणि तेथील मुलांसाठी रोज हाताने एक दैनिक लिहीत. छात्रालयात काय चालले आहे हे मुलांना रोज वाचायला मिळे. त्या वेळी तपासणी समितीचा कायदा नव्हता. आज कायदा आहे, अहवालही होतात, परंतु ते कपाटात राहतात.

वणव्याचेही असेच. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आग टिपते आणि मोबाइलवर सूचना धाडते. कोणीही नागरिक नाव नोंदवून ती मागवू शकतो. माहितीची वानवा नाही. 1927 चा वन कायदा तर म्हणतो की, जंगलात ज्याचा हक्क आहे त्याने आगीची खबर देणे आणि ती विझवायला मदत करणे बंधनकारक आहे. बंधन गावाचे, परंतु यंदा कोणत्या कंपार्टमेंटात किती लांबीची जाळरेषा काढली, तिची मजुरी कोणाला मिळाली, रखवालदार किती नेमले, हे गावाला कोणी वाचून दाखवीत नाही. आग लागली की बोट मात्र मोह वेचणाऱ्यांकडे वळते. मोहाखालचा पाला जाळण्याची सवय आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पाला आधी झाडून काढला तर जाळावे लागत नाही, आणि झाडलोटीची मजुरी वणवा विझवण्याच्या खर्चापेक्षा स्वस्त पडते.

साक्री तालुक्यातील बारीपाडा गावाने चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखले आहे. स्वतःचे नियम, स्वतःची राखण, तोडणाऱ्याला दंड. त्या कामातील चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामामागची वैचारिक परंपरा आपली नाही, हे मी लपवीत नाही. परंतु जंगल राखणाऱ्या गावाकडून शिकताना विचारसरणीचा दाखला मागायचा नसतो.

मग करायचे काय? आपल्या हातात एक हत्यार आहे, त्याचे नाव 1996 चा पेसा कायदा. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, साक्री या तालुक्यांतील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. सामाजिक क्षेत्रातील संस्था आणि कर्मचारी यांच्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेला किंवा योग्य पातळीवरील पंचायतीला द्यावा, असे हा कायदा राज्यांना सांगतो. महाराष्ट्राच्या 2014 च्या नियमांनी पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मागता येते. 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगल राखण्याचा अधिकारही ग्रामसभेला दिला. म्हणजे मुले आणि जंगल दोन्ही एकाच सभेत येतात.

प्रश्न तारखेचा आहे. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला तोडणीवाले ऊसाच्या फडात असतात. 1 मेपर्यंत डोंगर जळून गेलेला असतो. 15 ऑगस्टला माणसे शेतात गुंतलेली. उरते 2 ऑक्टोबर. या एका दिवशी गाव भरलेले असते, आणि वणव्याला साडेचार महिने अवकाश असतो. म्हणून यंदा 2 ऑक्टोबरच्या विषयपत्रिकेत दोन विषय लेखी मागा. गावातील मुले ज्या आश्रमशाळेत वा वसतिगृहात आहेत तेथील मुलांची संख्या, डॉक्टर शेवटचे कधी आले, तपासणी कोणत्या तारखेला झाली. आणि वनपरिक्षेत्राचा जाळरेषेचा व रखवालीचा आराखडा. वनपालाला व अधीक्षकाला सभेत बोलवा. आले नाहीत तर तसे इतिवृत्तात लिहा. आणि गावात उरणाऱ्यांतून पाच-सात जणांची नावे त्याच सभेत ठरवा, त्यांत दोन आज्या तरी असाव्यात. त्यांनी महिन्याला एकदा आश्रमशाळेत जायचे, आणि आगीची सूचना त्यांच्यापैकी कोणाच्या मोबाइलवर यावी हेही ठरवायचे.

एक सावधगिरी. कोणत्याही मुलाचे नाव किंवा तक्रार सभेत उच्चारायची नाही. कायद्याने ते निषिद्ध आहे, आणि ते क्रूरही आहे. मूल काही सांगेल तर ते थेट 1098 वर किंवा बालकल्याण समितीकडे न्यायचे. समितीच ऐकत नसेल तर तिच्याविरुद्धची दाद जिल्हाधिकाऱ्यांकडे मागता येते. अधीक्षक विरोधी पक्षाचा म्हणून तपासणी, आणि आपला म्हणून माफी, असा कारभार आपल्या हातून झाला तर पुढच्या वर्षी आजीदेखील सभेला येणार नाही.

शिरपूर आणि चोपड्याच्या कार्यकर्त्यांनी जेवणापूर्वी येथेच थांबावे. कोणत्या गावचे किती कोयते बाहेर जातात आणि किती मुले मागे राहतात, याची यादी आजच करायला घेऊ.