पाव्हण्याकडून पैसे कसे घ्यायचे?

आज भोकरच्या मुक्कामाबद्दल बोलू.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा जण गाडीनं नांदेडहून निघालो. अर्धापूरच्या केळीच्या बागा बघत भोकर फाट्याला वळलो. पुढं बाबांच्या मित्राच्या शेतात दोन रात्री राहिलो. पोरांनी हौसेनं कापूस वेचला. तासाभरात पिशवीचा तळही झाकला नाही! वेचणीची मजुरी किलोवर मिळते हे कळलं, तशी दोघंही गप्प झाली.

निघताना आईनं पैसे पुढं केले. काकू म्हणाल्या, “पाव्हण्याकडून पैसे घेत असतेत का?”

इथंच गाडं अडतं बघा. बारामतीजवळच्या पळशीवाडीत २००५ पासून कृषी पर्यटन चालतं, राज्याचं धोरणही २०२० मध्ये आलंय. मी काकांना म्हणलो, सोयाबीनचा भाव तुमच्या हातात नाही, खोलीचा तरी असेल. पावसाळ्यात पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा बघायला येणारे थांबतील की! अर्थात, आधी संडास-बाथरूम नीट पाहिजे. शहरातली माणसं तेच पहिलं विचारतात.

काका म्हणाले, “लोकाईकडून घेऊ. तुमच्याकडून नाही.”

भाडं किती ठेवायचं, तो हिशोब मात्र माझ्याच गळ्यात टाकलाय.