धर्मग्रंथाचा अर्थ कोणी सांगावा?
(विश्रामबाग येथील भाषण)



वेदोक्ताचे प्रकरण ह्या भागातील लोकांस नव्याने सांगावयास नको. 1899 साली कोल्हापुरास पुरोहिताने प्रत्यक्ष छत्रपतींसच वेदमंत्रांचा अधिकार नाकारला. परंतु ग्रंथ कोणाचा व त्याचा अर्थ सांगणार कोण, हा तंटा आपल्याच घरचा आहे असे नव्हे. येथून दोन कोसांवर मिरजेस ज्या प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे डॉ. वान्लेस यांनी दवाखाना उभारला, त्या मिशनचा पंथच ह्या तंट्यातून जन्मला.

लूथरने 1522 साली नवा करार लोकांच्या जर्मन भाषेत आणला. त्यावर रोमच्या बाजूने 1546 साली ट्रेंटच्या परिषदेने ठरविले की, शास्त्राचा अर्थ चर्च सांगेल. कोणी आपल्या बुद्धीने तो ताणू नये. हे म्हणणे अगदीच फोल होते असे आम्ही म्हणत नाही. बायबलात कोणती पुस्तके घ्यावी हे जुन्या चर्चनेच ठरविले होते. आणि जो तो अर्थ लावू लागताच प्रॉटेस्टंटांत पंथावर पंथ निघाले, हेही खरे. गोव्यात कॅथलिक फादर स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण 1616 साली छापले गेले. मात्र ते ओव्यांतून सांगितलेले पुराण; मूळ ग्रंथ वाचकाच्या हाती आला नाही.

आम्हांस ह्या वादाची खरी कसोटी दिसते ती पंडिता रमाबाईंच्या चरित्रात. 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो अँग्लिकन पंथ रोमपासून फुटलेला. पण तेथील मठवासी भगिनींचा ओढा जुन्या परंपरेकडे. ख्रिस्ती झालीस, आता बिशप सांगतील ते मान, असा त्यांचा आग्रह. बाईंनी 1885 साली सिस्टर जेराल्डीन यांस साफ कळविले की, एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने झुगारले आहे, आता दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही. बाईंनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवू नये, असेही बिशपांचे मत पडले होते! जोतीरावांनी त्याच साली 'सत्सार'मध्ये बाईंची बाजू उचलून धरली.

पण नुसते जू झुगारून काय होते? अर्थ लावण्याचा हक्क मिळाला, आणि ग्रंथ पंडिती भाषेतच राहिला, तर पुन्हा कोणाच्या तरी तोंडाकडे पाहणे आलेच. केरीने सेरामपुरास नवा करार मराठीत 1811 सालीच छापला होता. परंतु पुढील भाषांतरांतील संस्कृतप्रचुर मराठी साध्या बायांस कळत नाही, हे बाईंनी पाहिले. म्हणून केडगावास त्यांनी हिब्रू व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास करून मूळावरून सोप्या मराठीत सबंध बायबल उतरविले. मुक्तिसदनातील बायामुलींनी स्वतः खिळे जुळवून ते छापले. 1922 साली बाई वारल्या; संपूर्ण ग्रंथ 1924 साली बाहेर पडला.

कोणी विचारील, भाषांतर म्हणजे बाईंनी लावलेला अर्थच नव्हे काय? होय, शब्द निवडणे म्हणजे अर्थ लावणेच. परंतु तो अर्थ मूळाशी ताडून कोणासही खोडता येतो. गादीवरून सुटलेली आज्ञा तशी खोडता येत नाही.

पुढे 1965 साली व्हॅटिकनच्या परिषदेने सर्व श्रद्धावंतांस शास्त्र सुलभ असावे असे जाहीर केले. अर्थाचा अखेरचा निकाल मात्र चर्चच्याच हाती ठेवला. कोणास आमच्याविरुद्ध बोलावयाचे असेल त्यांनी खुशाल उभे राहावे. आम्ही ऐकावयास बसतो.