खासी, गारो आणि आमची गोंडी



भंडारा जिल्ह्यांत मराठी शिकवितां शिकवितां माझी चाकरी सरली. तरुणपणीं देवरीकडील जंगलपट्टींतील एका गांवीं माझी नेमणूक होती. तो मुलूख त्या वेळीं आमच्याच जिल्ह्यांत मोडे. १ मे १९९९ पासून तो गोंदिया जिल्ह्यांत गेला. माझ्या पहिलीच्या वर्गांत निम्मीं मुलें गोंडांचीं होतीं. घरीं गोंडी, शाळेंत मराठी. वर्गांत जो गोंडी बोलेल त्यानें कोपऱ्यांत उभें राहावें, असा मीं नियम केला होता. तो वरून कोणीं लादला नव्हता; माझा मींच केला होता. एक मुलगी दोन महिने तोंडांतून अक्षर काढीना. मीं तिला मंदबुद्धीची ठरविली. पुढें एका बाजाराच्या दिवशीं ती आईशेजारीं बसून वास्ते, म्हणजे कळकाचे कोवळे कोंब, विकतांना दिसली. "मूंद, नालुंग, सैयुंग" असें मोजीत ती पैशांचा चोख हिशेब करीत होती. दिवाळीनंतर ती शाळेंत आली नाहीं.

ह्या प्रसंगाची आठवण मला पुढें फार दूरच्या लोकांविषयीं वाचतांना झाली. मेघालयांतील खासी व गारो हे ते लोक. त्यांच्यांत कूळ आईकडून चालतें. खासी घरांत वडिलोपार्जित वास्तु धाकट्या मुलीकडे राहते, आणि म्हाताऱ्या आईबापांचा व घरच्या धर्मकृत्यांचा भारही तीच वाहते. एका कुळांत लग्न होणें हें त्यांच्या दृष्टीनें महापाप. आमच्या गोंडांतही चार, पांच, सहा व सात देव मानणारे असे गट असून समान देवांच्या गटांत सोयरीक होत नाहीं; कूळ मात्र बापाचें. मौज अशी कीं, खासी व गारो शेजारी असले तरी त्यांच्या भाषांचें एकमेकींशीं नातें नाहीं. गारो ही तिबेटी-ब्रह्मी कुळांतील आहे. खासीची लांबची नातेवाईक शोधावयाची तर ती आपल्या मेळघाटांतील कोरकू! गोंडी ही द्राविडी. तिचे 'मूंद, नालुंग' ऐकून तेलुगु माणसास आपले 'मूडु, नालुगु' आठवतील.

आतां थोडी मास्तरकी करतों. २०११ च्या जनगणनेंत खासी बोलणारे सुमारें १४ लाख ३१ हजार आणि गारो बोलणारे सुमारें ११ लाख ४५ हजार भरले. गोंडी बोलणारे सुमारें २९ लाख ८४ हजार. म्हणजे त्या दोघींच्या बेरजेहूनही आमची गोंडी मोठी. असें असतां मेघालयांतील मूल आपल्या भाषेचें पुस्तक हातीं घेऊन शाळेंत जातें, आणि आमच्याकडील गोंड मूल कोपऱ्यांत उभें राहतें, हें कां?

एक कारण लिपीचें. १८४१ सालीं टॉमस जोन्स नांवाचा वेल्श मिशनरी चेरापुंजीस आला व त्यानें खासी भाषा रोमन अक्षरांत लिहिण्याचा पाया घातला. त्याचा हेतु धर्मप्रसाराचा होता हें उघड आहे. पण पुस्तकें झालीं, शाळा झाल्या आणि भाषा कागदावर स्थिरावली. दुसरें कारण मात्र माझ्या मतें अधिक वजनदार आहे. आपल्या राज्यघटनेच्या सहाव्या परिशिष्टानें त्या डोंगरी लोकांस स्वायत्त जिल्हा परिषदा दिल्या. जमीन, जंगल, वारसा व गांवचा कारभार यांसंबंधीं कायदे करण्याचा अधिकार त्यांस मिळाला. २१ जानेवारी १९७२ रोजीं मेघालय हें पूर्ण राज्य झालें, आणि २००५ च्या कायद्यानें खासी व गारो ह्या तेथील सहराजभाषा ठरल्या. तेथें सर्व कांहीं आदर्श आहे असें समजूं नये. कूळ आईचें असूनही खासींच्या पारंपरिक गांवसभेंत स्त्रियांस बसतां येत नसे.

गोंडांनीं तर एके काळीं गढा-मंडला, देवगड व चांदा येथें राज्यें केलीं. परंतु भाषावार प्रांत पडले तेव्हां गोंडीच्या वांट्यास एकही प्रांत आला नाहीं. ती मराठी, हिंदी, तेलुगु व उडिया मुलखांत विभागली गेली आणि सर्वत्र अल्पसंख्य ठरली. आदिवासी मुलखासाठीं घटनेंत पांचवें परिशिष्टही आहे. त्याखालीं गडचिरोलीचा मोठा भाग येतो, पण भंडारा-गोंदियांतील एकही तालुका येत नाहीं.

लिपीचा प्रयत्न येथेंही झाला होता. शेजारच्या बालाघाटांतील मुनशी मंगलसिंह मसराम यांनीं १९१८ सालीं गोंडीसाठीं स्वतंत्र लिपि तयार केली. तिच्यामागें ना संस्थान होतें, ना शाळाखातें. शंभर वर्षांनीं, २०१९ सालीं, गडचिरोली जिल्ह्यांतील मोहगांवच्या ग्रामसभेनें गोंडी माध्यमाची शाळा आपल्या हिमतीवर काढली.

माघी पौर्णिमेस सालेकसा तालुक्यांतील कचारगडच्या गुहेपाशीं गोंडांची मोठी यात्रा भरते. कली कंकालीचीं तेहतीस मुलें ह्या गुहेंत कोंडलीं होतीं. पारी कुपार लिंगो व जंगो रायताड यांनीं त्यांच्या सुटकेचा मार्ग काढला, आणि हिरासुका पाटालीर ह्या गायकानें किंगरीच्या सुरांनीं मुलांस बळ दिलें, तेव्हां दाराची शिळा सरकली, पण तिच्याखालीं गायकच चिरडला, अशी कथा तेथें सांगतात.

निवृत्तीनंतर मी त्या यात्रेस गेलों. दरेकसा स्टेशनावर उतरून पायीं निघालों. वाटेंत एक आजी पाणी देत बसली होती. मीं धीर करून 'येर' मागितलें. माझा उच्चार ऐकून तिची नात खुदकन हंसली व तिनें तो मला दोनदां म्हणावयास लावून दुरुस्त केला.