‘ळ’ म्हणता न येणारा मुलगा

(दहावी, १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



माईकसमोर उभं राहायची मला सवय नाही. आठवीच्या वक्तृत्व स्पर्धेत दोन वाक्यांनंतर माझं भाषण अडलं होतं, तेव्हा बाईंनी समोरून नुसते ओठ हलवून मला पुढचं वाक्य सांगितलं होतं. आज बाई पहिल्या रांगेत आहेत, म्हणून धीर आहे.

संयोजकांनी मला विषय दिलाय ‘परदेशातील अनुभव’. सतरा वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये आहे, तेव्हा अनुभव भरपूर आहेत. पण ते सांगायला लागलं की मला दर वेळी आपल्या वर्गातला एक मुलगा आठवतो. तो आज इथे नाही. त्याचं नाव मी घेणार नाही; वर्णन केल्यावर बहुतेकांना आठवेलच.

सातवीत तो आपल्या वर्गात आला. वडील सातपूरच्या एमआयडीसीत कामाला, गाव उत्तर प्रदेशात कुठेतरी. गणितात हुशार होता. पण त्याला ‘ळ’ म्हणता यायचा नाही. फळ्याला ‘फला’, शाळेला ‘शाला’. मधल्या सुट्टीत आपण त्याला घेरायचो आणि सांगायचो, “म्हण, तळ्याकाठी काळा कावळा.” तो म्हणायचा. आपण हसायचो. तोही हसायचा, म्हणून आपल्याला वाटायचं की त्याला मजा येतेय. नववीत तो शाळेत आला नाही. का आला नाही, हे मी तरी विचारलं नाही.

आता जर्मनी. २००८ च्या मार्चमध्ये आम्ही गेलो. पहिल्याच महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी दारावर एक पाटी लटकलेली दिसली. तिच्यावर लिहिलं होतं ‘केरवोखे’. मला पहिला शब्द चक्क मराठी वाटला, आणि गंमत म्हणजे अर्थही तोच निघाला: केराचा आठवडा. त्या भागातली जुनी पद्धत आहे. ज्याच्या दारावर पाटी, त्या बिऱ्हाडाने त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा आणि मग पाटी शेजारच्या दारावर लावायची. आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या आजी येऊन तावातावाने बोलून गेल्या. मला एक शब्द कळला नाही. रात्री मी रडले. आपण परके म्हणून हा अपमान, असं धरून बसले. पुढे कळलं की त्या आजी सगळ्या इमारतीशी तशाच भांडतात. त्यांनीच मला बादली कुठे, फडकं कुठे, कोपरे कसे काढायचे हे दाखवलं. माझं पहिलं जर्मन त्या जिन्यावर झालं.

पण सगळंच असं गोड नाही. घर बदलायचं ठरवलं तेव्हा एका मालकाला फोन केला. आडनाव ऐकून तो म्हणाला, घर गेलं. दहा मिनिटांनी ऑफिसातल्या जर्मन मैत्रिणीने फोन केला, तर घर रिकामं होतं आणि बघायला कधी येता, असा प्रश्न होता. ही आजींची केरवोखे नव्हे. दोन्हींतला फरक ओळखायला मला बरीच वर्षं लागली.

आणि एक दिवस ऑफिसात कोणाच्या तरी वाढदिवसाला मी म्हणायला गेले ‘केक छान झालाय’, आणि म्हणाले ‘स्वयंपाकघर छान झालंय’. ‘उ’ आणि ‘इ’ यांच्या मधला एक स्वर आहे त्यांचा, तो मी नको तिथे लावला. सगळे हसले. वाईट मनाने नाही. मीही हसले. आणि हसता हसता मला तो मुलगा दिसला. तो का हसायचा, हे तेव्हा कळलं. हसला नसता तर एकटा पडला असता.

जर्मनीचा इतिहास मी नंतर वाचला, कारण नागरिकत्वाच्या परीक्षेला तो असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्या कारखान्यांना माणसं कमी पडू लागली. १९५५ मध्ये इटलीशी, १९६० मध्ये स्पेन आणि ग्रीसशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून त्यांनी कामगार बोलावले. त्यांना नाव दिलं ‘पाहुणे कामगार’. पाहुणा म्हटला की जाणारच. त्यामुळे त्यांना भाषा शिकवायची तसदी कोणी फारशी घेतली नाही. १९७३ मध्ये तेलसंकट आलं आणि भरती बंद झाली. तोवर सुमारे १ कोटी ४० लाख लोक आले होते आणि त्यातले सुमारे १ कोटी १० लाख परतले. उरलेल्यांनी बायकामुलं आणली आणि घरं केली. सरकार मात्र पुढची कित्येक वर्षं म्हणत राहिलं की आमचा देश स्थलांतरितांचा नाही. तिथेच जन्मलेल्या मुलांनाही जन्माने नागरिकत्व मिळायला २००० साल उजाडावं लागलं, तेही अटींसह. आणि नव्याने येणाऱ्यांसाठी देशभर भाषेचे वर्ग सुरू झाले २००५ मध्ये: ६०० तासिका भाषेच्या, शिवाय देशाचा कायदा-इतिहास वेगळा. म्हणजे पहिल्या करारानंतर ५० वर्षांनी!

मधल्या काळात एकमेकांबद्दलच्या तक्रारी साचत गेल्या. हे म्हणतात, ते आपापल्या वस्तीत राहतात, आमची भाषा शिकत नाहीत. ते म्हणतात, शिकलो तरी तुम्ही आडनावच बघता. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय. २०१० मध्ये चॅन्सलर मर्केल यांनी बहुसांस्कृतिकतेचा प्रयोग साफ फसला असं जाहीर सांगितलं. २०१५ मध्ये त्याच मर्केल यांच्या काळात सुमारे ८ लाख ९० हजार निर्वासित आले. शाळा, घरं, दवाखाने यांवर ताण आला. तो खोटा नव्हता. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत झालेल्या निवडणुकीत स्थलांतराला कडवा विरोध करणारा पक्ष सुमारे २१ टक्के मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आला.

त्या रात्री निकाल बघताना माझ्या मुलीने विचारलं, “आई, त्यांना आपणही नको आहोत का?” मी घाईने म्हणाले, “आपण नाही गं. आपण शिकलेले, कर भरणारे. जे भाषा शिकत नाहीत, त्यांच्याबद्दल आहे ते.” ती म्हणाली, “माझ्या वर्गात सीरियातून आलेला मुलगा आहे. त्याचं जर्मन तुझ्यापेक्षा चांगलं आहे.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या गणपतीला, दिवाळीला अडीचशे मराठी माणसं जमतात. त्यात दहा-बारा वर्षं राहून डॉक्टरकडे जाताना मुलांना दुभाषी म्हणून नेणारे आहेत. तेच मोदक खाताना म्हणतात, हे तुर्की लोक आपापसातच राहतात. मीही म्हटलंय.

आणखी एक गोष्ट बोलायची आहे. इथे बोलायला अवघड आहे, पण इथेच बोलायला हवी. मी जर्मनीच्या व्हिसाची कागदपत्रं गोळा करत होते तो फेब्रुवारी २००८. त्याच महिन्यात आपल्या नाशिकमधून उत्तर भारतीय कामगार हजारोंनी गाड्या भरभरून परत गेले. ते दिवस तुम्हाला आठवत असतील. मी तेव्हा एवढंच म्हणाले होते, “या गर्दीत आपलं रिझर्व्हेशन मिळायचं नाही.” मी पोटासाठी परक्या मुलखात निघाले होते आणि ते पोटासाठी आलेल्या मुलखातून निघाले होते; हे माझ्या डोक्यातही आलं नाही. त्या गर्दीत आपला तो वर्गमित्र असेल का, हा विचार तर पुष्कळ नंतरचा.

गैरसमज नको. महाराष्ट्रात राहणाऱ्याला मराठी यावी, हे माझं ठाम मत आहे. जर्मनीत राहून तर ते जास्तच ठाम झालं. भाषा आली की आजींचं भांडणसुद्धा कळतं, आणि कळलं की निम्मं मिटतं. माझा प्रश्न एवढाच आहे की शिकवणार कोण? आपण त्या मुलाला ‘काळा कावळा’ म्हणायला लावलं, पण जीभ कुठे लावायची हे सांगितलं नाही. बाईंनी सांगितलं होतं. एकदा तास संपल्यावर त्याला थांबवून, जीभ मागे वळवून ‘ळ’ कसा काढायचा ते त्या दाखवत होत्या. मी वही विसरले म्हणून परत आले होते, तेव्हा पाहिलं. त्या दिवशी त्याला तो एकदा जमला होता. पण बाईंकडे साठ मुलं होती.

माझी स्वतःची गोष्ट इथवर आलीय: नागरिकत्वाची परीक्षा मी दिली. ३१० प्रश्न आधीच छापून मिळतात, त्यातले ३३ येतात आणि १७ बरोबर आले की पास. आपल्या दहावीच्या अपेक्षित प्रश्नसंचासारखंच पाठ केलं. अर्ज मात्र वर्षभर कपाटात आहे. २०२४ पासून जर्मनी म्हणते, तुमचं जुनं नागरिकत्व राहू द्या. पण आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. सही केली की हा पासपोर्ट परत करायचा. मुलगी पुढच्या वर्षी सोळा वर्षांची होईल, ती स्वतः अर्ज करणार आहे. ती करेल ते बरोबरच आहे. माझं अजून ठरत नाही, आणि ते इथे ठरायचंही नाही.

इथे ठरण्यासारख्या दोन गोष्टी मात्र आहेत. काल मुख्याध्यापकांशी बोलले. शाळेत आज उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्या कामगारांची मुलं आहेत. काहींना पहिले सहा महिने वर्गात काही कळत नाही. आपण सगळे मिळून शाळेला डिजिटल फळा देतोय, जरूर देऊ या. पण त्यासोबत या मुलांसाठी शाळा भरण्याआधी रोज एक तास, फक्त मराठी बोलायला शिकवणारी एक शिक्षिका नेमू या. पहिल्या वर्षाचं मानधन मी देते. पुढची वर्षं वाटून घेऊ.

दुसरी गोष्ट. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ५८ जण आहेत. शोधून शोधून, दुबईतून आणि लातूरमधून माणसं आणली आपण. त्या मुलाचा नंबर कोणी शोधला नाही, मीसुद्धा नाही. सातपूरला राहणाऱ्यांनी, कंपन्यांत ओळखी असणाऱ्यांनी कृपया चौकशी करा. सापडला तर मला त्याच्याशी बोलायचंय. त्याला सांगायचंय की हसणाऱ्यांत मी होते, आणि मला वाईट वाटतं.

बाई, आज मी मध्ये अडले नाही.