शारदेचं लग्न

हळदीची कामं उरकली की आपल्या वसमत भागात लग्नांची गडबड सुरू होते. म्हणून आज एका लग्नाच्या नाटकाबद्दल बोलते.

सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल. त्यांचं 'संगीत शारदा' 1899 साली रंगभूमीवर आलं. नाटक त्यांचं आणि पदंही त्यांनीच रचलेली. लग्नाला उतावळा झालेला पैसेवाला म्हातारा भुजंगनाथ, पैशाला भुललेला बाप कांचनभट आणि त्या सौद्यात सापडलेली शारदा. तेव्हा बायका नाटकात काम करत नसत. शारदाही पुरुषच व्हायचे, पुढे बालगंधर्वही झाले. पण पदांतले शब्द घरात बोलावेत तसे साधे! पोरीचं म्हणणं पोरीच्याच तोंडून लोकांनी ऐकलं. नाटकात ते लग्न ऐनवेळी मोडतं.

देवल 14 जून 1916 ला गेले. नाट्य परिषदेचे पुरस्कार त्यांच्या स्मृतिदिनी देण्याची प्रथा आहे.

बालविवाहाविरुद्ध 1929 मध्ये कायदा झाला, त्याला लोक 'शारदा कायदा' म्हणू लागले. खरं तर ते नाव हरविलास सारडा यांच्यावरून पडलं. पण ही चूक मला आवडते बाई! तेव्हा मुलीचं वय 14 ठरलं होतं, आज 18 आहे. तुमच्या गटाच्या बैठकीत सोळा वर्षांच्या पोरीची सोयरीक जमल्याचं कानावर आलं, तर ग्रामसेवकांना सांगा किंवा 1098 वर फोन लावा. त्याला पैसे पडत नाहीत.