हाताला कळणारं दुखणं

पुण्या-मुंबईत कुत्र्यांना मालीश करणारी माणसं घरी येतात आणि त्याचे पैसे घेतात, असं आमच्याकडे सांगितलं की लोकांना हसू येतं. ‘माणसाचे पाय दाबायला कुणी नाही, आणि म्हणे कुत्र्याला मालीश!’ बीड जिल्ह्यात जनावरांचा डॉक्टर म्हणून हिंडताना हे मी पुष्कळदा ऐकलं आहे. पण हसणाऱ्याच्याच घरी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी काय चालतं, ते आठवून पाहा. बैल धुऊन आणतात, त्याचा खांदा गरम पाण्यानं शेकतात, हळद आणि तूप किंवा तेल लावून तो हलक्या हातानं मळतात. उद्या जेवायला या, असं आवतणही त्याच वेळी देतात. आपण त्याला खांदेमळणी म्हणतो, विदर्भात खांदशेकणी म्हणतात. तेव्हा जनावराला मालीश ही काही शहरातून आलेली चैन नाही. ती आपल्या अंगणातलीच गोष्ट आहे. फक्त आपण ती वर्षातून एकदा करतो.

मालिशीनं नेमकं होतं काय? आखडलेला स्नायू सैल पडतो, त्या जागेचं रक्ताभिसरण वाढतं, जनावर शांत होतं. म्हातारं कुत्रं सकाळी उठताना मागचे पाय ओढतं, पायरी चढायला कचरतं. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड अशा जड अंगाच्या जातींत खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष बराच आढळतो. अशा कुत्र्याच्या मांडीवरून, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी तळहात सावकाश फिरवला, तर त्याला आराम पडतो. हात पायाकडून वर, हृदयाच्या दिशेनं न्यावा. कण्याच्या हाडावर दाब देऊ नये. कुत्र्यानं मान वळवून हाताकडे पाहिलं, अंग चोरलं किंवा गुरगुरलं, की थांबावं. त्याला बोलता येत नाही, पण सांगता येतं.

मालिशीचा याहून मोठा फायदा मी वेगळाच मानतो. हात फिरवला की दुखणं कळतं. कानामागची गोचीड, पोटाखालची गाठ, तापलेलं अंग, बोटांच्या बेचक्यात रुतलेलं कुसळ हे सगळं डोळ्यांआधी हाताला लागतं. रोज पाच मिनिटं हात फिरवणाऱ्या माणसाचं कुत्रं दवाखान्यात वेळेवर येतं. बाकीची फार उशिरा येतात.

काही पथ्यंही सांगतो. ताप असेल, हाड मोडलं असेल, जखम चिघळली असेल किंवा गाठीचं कारण माहीत नसेल, तर तिथं चोळायचं नाही. अनोळखी कुत्र्याच्या अंगाला हात लावायचा नाही. लाळ गाळणारं, तोल जाणारं, आवाज बदललेलं कुत्रं दिसलं, तर त्याच्या घशात हाडूक अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालू नका. ती पिसाळल्याची लक्षणं असू शकतात. चावलं किंवा ओरखडलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. मिरची, हळद, चुना यांपैकी काहीही जखमेत भरू नका.

आता बैलाकडे येतो. गाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं, गाडी आपणच ओढतो, असं आपण गमतीनं म्हणतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला शिरूर, पाटोदा, आष्टी, केज, धारूर, वडवणी या भागांतून ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्यांखाली अशी कुत्री खरोखरच चालताना मी पाहिली आहेत. डांबरी रस्त्यानं त्यांच्या तळव्यांना भेगा पडतात. गाडी ओढणाऱ्या बैलाचं दुखणं मात्र त्याच्या खांद्यावर उतरतं.

जू रोज त्याच जागी घासतं. आधी ती जागा गरम लागते, मग सूज येते. आपण ‘खांदा आला’ म्हणतो. त्यावरच काम चालू ठेवलं, की कातडी फाटते, पू होतो किंवा आत कठीण गाठ बनून कायमची राहते. जोडीतला एक बैल उंच आणि दुसरा ठेंगणा असेल, जू खडबडीत असेल, गाडी पुढे जड भरली असेल किंवा पावसानं मान ओली असताना जुंपलं असेल, तर हे लवकर होतं. नव्यानं जुंपलेल्या खोंडाला तर फारच लवकर.

उपाय साधा आहे. सूज ताजी असेल, तर पहिल्या दिवशी थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात. नंतर कोमट पाण्याचा शेक द्यावा आणि भोवतीच्या भागाला हलक्या हातानं मालीश करावी. ऐन सुजेवर जोर लावू नये. पू धरला असेल, तर घरी चिरू नये, डॉक्टरला बोलवावं. फिरत्या दवाखान्यासाठी 1962 हा क्रमांक आहे. आणि सगळ्यात मोठं औषध म्हणजे जू उतरवून ठेवणं.

इथंच गाडी अडते. ज्यानं मुकादमाकडून उचल घेतली आहे, त्याला बैल उभा ठेवणं परवडत नाही. गाडी थांबली की टनाचा हिशेब थांबतो, उचल मात्र अंगावर राहते. म्हणून सुजलेल्या खांद्याला तेल चोळून पहाटे पुन्हा जुंपलं जातं. असा माणूस निर्दय असतो, असं मला कधीच वाटलं नाही. कोपीत स्वतः उपाशी झोपून बैलापुढे वाढं टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या माणसाचा आणि त्याच्या बायकोचा खांदाही मोळ्या वाहून तसाच सुजलेला असतो.

ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे 1965 सालचे नियम आहेत. दिवसात एकूण नऊ तासांहून जास्त काम नको, सलग पाच तासांहून जास्त नको, आणि जिथं पारा 37 अंशांच्या वर जातो तिथं दुपारी बारा ते तीन जनावर जुंपायचं नाही. मार्चमधली मराठवाड्यातली किंवा सोलापूरकडची दुपार आठवा, म्हणजे हा नियम कुणासाठी आहे ते कळेल. पण कारखान्याच्या गव्हाणीपुढं गाड्यांची रांग लागते, आणि त्या रांगेत जू खांद्यावर घेऊन उभं राहिलेले तास कोण मोजतो? गाडी रांगेत असताना बैल सोडून सावलीत बांधायला जागा आणि पाण्याचा हौद, एवढं केलं तरी कितीतरी खांदे वाचतील. आजारी बैलाच्या दोन दिवसांच्या विश्रांतीचा भार एकट्या गाडीवानावर पडू नये, हेही कारखान्यांनी आणि मुकादमांनी मिळून ठरवता येण्यासारखं आहे.

गाडीवानांना माझं एवढंच सांगणं आहे. संध्याकाळी जू उतरवलं की वैरण टाकण्याआधी दोन्ही बैलांच्या खांद्यांवर उघडा तळहात ठेवा. एक बाजू दुसरीपेक्षा गरम लागते का, हात ठेवताच बैल अंग चोरतो का, ते पाहा. मग मानेपासून वशिंडापर्यंत पाच मिनिटं हात फिरवा. जुवाची घासणारी जागा तासून गुळगुळीत करा, तिच्यावर गोणपाटाची मऊ घडी बांधा. घरच्या कुत्र्यावरूनही तोच हात फिरू द्या, गोचीड असेल तर सापडेल. हाताला काही वेगळं लागलं, तर दुसऱ्या दिवशी त्या बैलाला जुंपू नका. तेलानं खांदा मऊ होतो, पण सुजलेला खांदा भरून यायला जू खालीच ठेवावं लागतं.